कलम मेले तर दोष शेतकऱ्याचाच का?



१९९० साली रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. तेव्हापासून कोरडवाहू शेतकऱ्याला एकच सल्ला ऐकायला मिळतो. कापूस परवडत नाही, ज्वारी परवडत नाही, तर मग फळझाडे लावा. कापूस आणि ज्वारी का परवडत नाही हे विचारले की सल्ला देणारा घड्याळ पाहू लागतो. तो प्रश्न आपण दर बैठकीत मांडतो, पुढेही मांडू. आज एका लहान दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे. सल्ला ऐकून ज्यांनी डाळिंबाची, लिंबाची, सीताफळाची कलमे आणली, त्यांच्या शेतात पहिल्याच महिन्यात जी कलमे मेली त्यांचा हिशोब कोणी करायचा?

आपल्याकडे हे नेहमी असे घडते. आषाढात रोपवाटिकेतून टेम्पो निघतो. कलमे त्यात उभी, आडवी, एकमेकांवर रचलेली. चार-पाच तास वारा खात ती गावात येतात. त्याच दिवशी खड्डे भरायचे म्हणून मजूर सांगून ठेवलेले असतात. संध्याकाळपर्यंत तीनशे कलमे काळ्या जमिनीत जातात. पाऊस उघडीप देतो, दोन दिवस ऊन पडते आणि कलमे माना टाकतात. शेतकरी घाबरून पाणी देतो. मग कोणी सांगते म्हणून चिमूटभर युरिया देतो. दुकानदार टॉनिकची बाटली देतो. पंधरा दिवसांनी मोजणी केली तर पाऊणशे कलमे वाळलेली असतात. रोपवाटिकेवाला म्हणतो, आमच्याकडे तर हिरवीगार होती, तुम्हाला जगवता आली नाहीत. कृषी खात्याचा माणूसही तेच म्हणतो, फक्त जरा सभ्य भाषेत.

रोपवाटिकेत ती हिरवीगार होती हे खरेच आहे. पण ती हिरवी कशामुळे होती, हे पाहिले तर अर्धा वाद मिटतो.

डाळिंबाचे उदाहरण घेऊ. डाळिंब बियांपासून लावले तर आईसारखे निघत नाही, म्हणून गुटी बांधतात. गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी निवडली. नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भगवा आला. आज शेतात उभे असलेले भगव्याचे प्रत्येक झाड म्हणजे एकाच झाडाची फांदी पुढे पुढे चालत आलेली आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे मुळ्या फुटण्याचे संजीवक लावायचे, ओले शेवाळ गुंडाळून वरून प्लास्टिक बांधायचे. पावसाळ्यात महिनाभरात पांढऱ्या मुळ्या दिसू लागतात. त्या चांगल्या भरल्या की फांदी खालून कापून पिशवीत लावायची.

आता त्या फांदीची अवस्था पाहा. काल संध्याकाळपर्यंत तिला आईच्या मुळांचे पाणी मिळत होते. आज तिच्याजवळ बोटभर लांबीच्या काही मुळ्या आहेत. त्याही ओल्या शेवाळात वाढलेल्या, मऊ, हात लागला तरी तुटणाऱ्या. मातीच्या कणाला चिकटून पाणी ओढणारे बारीक केस त्यांना अजून फुटायचे आहेत. वर पाने मात्र पूर्वीइतकीच आहेत आणि ती उन्हावाऱ्यात पाणी सोडतच राहतात. कमाई दोन आण्यांची आणि खर्च रुपयाचा. हा हिशोब आपल्याला कोणी शिकवायला नको. शेडनेटखाली, दिवसातून तीन वेळा फवारा मारून ही तूट झाकलेली असते, म्हणून कलम हिरवे दिसते. फवारा गेला, सावली गेली की तूट उघडी पडते.

म्हणजे कापल्यापासून स्वतःच्या मुळांवर उभे राहीपर्यंतचा जो दीड-दोन महिन्यांचा काळ आहे, तो कोणीतरी सांभाळावाच लागतो. रोपवाटिकेने तो पुरा केला तर कलम शेतात तग धरते. पण रोपवाटिकेला जागा रिकामी करायची असते, शेडनेटचा प्रत्येक दिवस तिला खर्चाचा असतो. म्हणून कलम लवकर विकले जाते आणि हा काळ गुपचूप शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो. किंमत मात्र तयार कलमाची घेतली जाते.

आमचे स्पष्ट मत आहे की कोरडवाहू शेतकऱ्याने विकत आणलेले कलम थेट शेतात नेऊ नये. ते आधी घरी, विहिरीजवळ, लिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली पिशवीतच सावरून घ्यावे. ज्याला जमेल त्याने तर गुटीही स्वतःच बांधावी. हे हौसेने सांगत नाही, पाण्याच्या हिशोबाने सांगतो. साडेचार बाय तीन मीटरने लावले तर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. पिशवीतल्या कलमाला दिवसाला अर्धा लिटर पाणी धरले तरी १५० लिटर होतात, म्हणजे दहा घागरी. तेच कलम शेतात गेले की खड्ड्याला एका वेळेला दहा लिटर धरा, ३,००० लिटर झाले. पावसाने तीन आठवडे दडी मारली तर दहा घागरी घरची माणसे आणू शकतात. तीन हजार लिटर आणायला टँकर लागतो. बागायतदाराला हा फरक जाणवत नाही, आपल्याला जाणवतो.

पिशवीत काय भरायचे? शेतातली काळी माती तेवढी भरू नका. कापसाला ती कितीही सोन्याची असो, पिशवीत ती वाळली की आकसते, कडेने फट पडते आणि घातलेले पाणी फटीतून खाली निघून जाते. मधला गोळा कोरडाच राहतो. भिजली तर इतकी चिकट होते की मुळांना हवा मिळत नाही. दोन पाट्या पोयटा, एक पाटी वाळू, एक पाटी पूर्ण कुजलेले शेणखत हे मिश्रण पुरते. शेणखत कुजलेलेच हवे. कच्चे शेण पिशवीत तापते आणि वाळवीही आणते. पिशवीला खालच्या भागात आठ-दहा भोके असावीत. माती दाबून दाबून भरू नये. गुटी लावताना प्लास्टिक काढायला विसरू नका. शेवाळ मात्र झटकू नका, त्याच्यासकट लावा. आदल्या दिवशी पिशव्या भिजवून ठेवा, काठीने भोक करा, मुळ्यांचा भाग मातीखाली इंच-दीड इंच जाईल एवढेच खोल लावा आणि शेजारी तुरकाठीचा आधार द्या. वाऱ्याने कलम हलले की नवी मुळी तुटते. उन्हाइतकाच वाराही वाईट. झाडाच्या सावलीत ठेवले तरी पश्चिमेकडून कडब्याच्या पेंढ्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा करावा.

पाने कमी करायला हात धजत नाही, हे आम्ही पाहिले आहे. बायामाणसे तर म्हणतात, हिरवे पान कशाला तोडायचे? पण खर्च कमी केल्याशिवाय तूट भरत नाही. शेंडा मारा, तिसरा हिस्सा पाने काढा, कळी असेल तर खुडून टाका. कळी पाहून आनंद होतो, पण ती मुळांच्या तोंडचा घास खाते.

सगळ्यात जास्त कलमे कशाने मरतात याचे उत्तर पुष्कळांना पटणार नाही. ती पाण्याने मरतात. दुपारी पान लोंबले की आपण पाणी ओततो. नव्या कलमाने दुपारी मान टाकणे हे साधे आहे. खरी तपासणी दिवस उगवायच्या आधी करायची. पहाटे पाने ताठ असतील तर कलमाला काही झालेले नाही, दुपारी पानांवर हलका फवारा मारा, बुडाला पाणी देऊ नका. पहाटेही मान खाली असेल तर पिशवीत दोन इंच बोट घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असून मान खाली असेल तर मुळ्या कुजू लागल्या आहेत. अशा पिशवीचे पाणी तोडा, ती उचलून विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा लागेल. तिला आणखी पाणी देणे म्हणजे बुडणाऱ्याला घागर देणे.

पहिले आठ-दहा दिवस दिवसातून दोन-तीन वेळा पानांवर बारीक फवारा मारावा. फवाऱ्याला जो पंप घ्याल तो तणनाशकाचा नसावा. ज्वारीतल्या तणावर टू-फोर-डी मारलेला पंप कितीही विसळला तरी त्याचा अंश राहतो आणि कापसाची, डाळिंबाची कोवळी पाने त्याने आकसून वळतात. एका पंपावर सगळी शेती करणारे आपण, म्हणून हे मुद्दाम सांगितले. बोअरचे पाणी खारे असेल, भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर पत्र्यावरून पडलेले पावसाचे पाणी साठवून वापरा.

खताचे काय? पहिले तीन-चार आठवडे काहीच नको. युरिया नको, डीएपी नको. खताचा क्षार मातीच्या पाण्यात वाढला की नाजूक मुळीला पाणी ओढणे आणखी जड जाते. ज्याला भाकरी पचत नाही त्याला पुरणपोळी वाढण्यासारखे ते आहे. टॉनिकच्या बाटलीबद्दल एवढेच म्हणू की सावली, हवा आणि बेताचे पाणी असेल तर बाटलीवाचून कलम सावरते, आणि ते नसेल तर बाटलीने सावरत नाही. दुकानदाराला हे माहीत असते. बाटलीत नफा आहे, सावलीत नाही.

आणखी एक फसगत आहे. दोन आठवड्यांत नवा फुटवा आला की आपण समजतो, जगले. तसे नसते. काडीत साठलेल्या अन्नावरही डोळे फुटतात, खाली मुळी नसली तरी. असा फुटवा महिन्याच्या आत वाळतो. उलट जुनी पाने पिवळी पडून गळाली, काडी उघडी दिसते, म्हणून कलम फेकूही नये. नखाने साल थोडी खरवडून पाहा. आत हिरवे ओले असेल तर थांबा. पहिल्या फुटव्याची पाने जाड होऊन दुसरा फुटवा निघाला, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली, म्हणजे कलम आपल्या पायावर उभे राहिले. तोवर उपटून मुळी पाहण्याचा मोह टाळा, पोरे हे हमखास करतात.

मुळी धरली की मग एक-दोन ग्रॅम १९:१९:१९ लिटरभर पाण्यात, आठवड्यातून एकदा. पाणी हळूहळू कमी करायचे. आधी तासभर सकाळचे ऊन, मग दोन तास, असे करत दोन-तीन आठवड्यांत उघड्यावर आणायचे. शेतात न्यायची घाई नको. जमिनीत चांगली ओल बसलेली असावी, आभाळ असावे, लागण संध्याकाळची असावी. भारी काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे हौद होतो, पाणी तुंबते. तिथे वरंबा करून वर लावावे. कोकोपीटमधले कलम काळ्या जमिनीत लावले तर आजूबाजूची चिकण माती त्याचे पाणी ओढून घेते. बाहेर ओल दिसते आणि मुळांचा गोळा कोरडा राहतो. म्हणून पहिले पंधरा दिवस पाणी खोडाजवळ, गोळ्यावरच द्यावे. कलमाच्या पश्चिमेला तुरीची दोन तासे असली तर दिवाळीपर्यंत फुकटची सावली मिळते. पऱ्हाटीचा चुरा आच्छादनाला टाकावा, खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे देण्याचे ठरले. पुढचे हप्ते मिळायला बागायती झाडे ९० टक्के आणि कोरडवाहू झाडे ८० टक्के जिवंत हवीत, ही अट आहे. अट चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. सरकारी पैसा आहे, झाड जगले पाहिजे. पण ही अट फक्त शेतकऱ्याला का? ३०० पैकी ७५ कलमे मेली तर जिवंत राहिली ७५ टक्के. हप्ता अडकला. कलम ३० रुपयांचे धरले तर सव्वादोन हजार रुपये मातीत गेले, खड्डे आणि मजुरी वेगळी. नांग्या भरायला पुन्हा कलमे आणायची. ती एक वर्ष मागे राहतात, बहार एकसारखा धरता येत नाही, ते नुकसान पुढे कित्येक वर्षे चालते. ज्याने मुळी नसलेले कलम विकले त्याचा कोणता हप्ता अडकतो?

ज्वारीच्या बियाण्याची पिशवी घेतली तर तिच्यावर उगवणीचे टक्के छापलेले असतात, तपासणीची तारीख असते. कलमाच्या पिशवीवर काही छापलेले कोणी पाहिले आहे का? गुटी कधी कापली, पिशवीत कधी लावली, सावलीबाहेर किती दिवस ठेवली, हे तीन आकडे लिहायला रोपवाटिकेला काय अडचण आहे? १९६६ च्या बियाणे कायद्याने बियाण्याची जी व्याख्या केली आहे तिच्यात अन्नपिकांची रोपे, छाटकलमे आणि सर्व प्रकारची कलमे येतात. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे, परवाना आहे, तपासनीस आहे. आपला अनुभव असा की तपासनीस पाटी पाहतो, मुळी पाहत नाही. आम्ही तपासनीस वाढवा अशी मागणी करणार नाही. तपासनीस वाढले की हप्ते वाढतात, आणि ते हप्ते अनुदानाचे नसतात. आमची मागणी साधी आहे. विकणाऱ्याने तारखा लिहून द्याव्यात, पक्की पावती द्यावी आणि तीस दिवसांत मेलेले कलम बदलून द्यावे. ज्याचा माल खरा आहे त्याला यात भिण्यासारखे काही नाही. तो शेतकऱ्यांना हवाच आहे.

पावतीचा आग्रह का, तेही सांगतो. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक म्हणून भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात स्पष्ट केले. शेतकऱ्याने पेरताना बियाण्याचा नमुना बाजूला काढून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही, हेही त्यात आले. हाच धागा कलमांना लावून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. पण हातात पावती नसेल तर वकीलही काही करू शकत नाही. दोनशे रुपये कमी घेतो, पावती मागू नका, असे कोणी म्हटले तर ते दोनशे रुपये फार महाग पडतात.

काही मित्र म्हणतात, एवढी कटकट कशाला, मोठ्या कंपनीची ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत. ज्याला परवडतात त्याने जरूर घ्यावीत. तंत्रज्ञानाला आपला विरोध कधीच नव्हता, नाही. पण तीही रोपे काचेच्या बाटलीतून मातीत येताना याच दिव्यातून जातात, उलट जास्तच नाजूक असतात. तिथेही विचारायचे तेच: मातीत येऊन किती दिवस झाले?

आणि एक संधी आपण विसरतो आहोत. संकरित कपाशीचे बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते, ते घरी राखून चालत नाही. कलमाचे तसे नाही. एक निरोगी झाड, धारदार चाकू, शेवाळ आणि सुतळी एवढ्यावर गावातल्या गावात कलम होते. स्वतःच्या शेतापुरते करायला परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायचे तर लागतो. अट एकच, आई झाड निवडताना डोळ्यात तेल घालावे. तेल्याचे जिवाणू गुटीबरोबर येतात, मर रोग आणि सूत्रकृमी पिशवीच्या मातीबरोबर येतात. ज्या बागेत तेल्याचा एकही डाग दिसला त्या बागेतली काडी पाहुण्याने फुकट दिली तरी घेऊ नये. मर लागलेल्या शेताची मातीही पिशवीत भरू नये, आणि चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावा.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या गेल्या दोन पावसाळ्यांची नोंद आणावी. किती कलमे लावली, कोणत्या महिन्यात लावली, महिनाभरात किती मेली, पावती होती की नव्हती, आणि अनुदानाचा कोणता हप्ता अडकला. रोपवाटिकेचे नाव पावती असेल तरच लिहावे, ऐकीव लिहू नये. महिला आघाडीच्या ज्या भगिनी गावात पिशव्या सावरण्याचे काम अंगावर घेतात त्यांनीही यावे. दर कलमामागे किती मजुरी धरायची, हे त्यांच्यासमोर आणि त्यांच्या संमतीनेच ठरवू.